किती दिवस आहेस?

परदेशात पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं परत यायचा विचार का करतात? देशप्रेम, पुरणपोळी, पहिला पाऊस. ही उत्तरं खोटी नाहीत, पण अर्धीच आहेत. उरलेलं अर्धं तुम्ही एज्युकेशन लोनच्या फॉर्मवर सही करायच्या आधी कळलेलं बरं.

डिसेंबर लागला की तुमच्याही घरी कुणीतरी येतं. अमेरिकेतला दादा, मेलबर्नची मावशी, दुबईचे काका. दोन-दोन मोठ्या बॅगा, चॉकलेटं आणि पहिले चार दिवस फक्त बाटलीतलं पाणी पिणारी त्यांची पोरं. सोसायटीतले, नात्यातले, कोपऱ्यावरचा वाणी, सगळे तेच दोन प्रश्न विचारतात. कधी आलास? किती दिवस आहेस?

पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याला दादा तारीख सांगतो खरा, पण वहिनीकडे बघत सांगतो. रात्री जेवणं झाल्यावर त्या दोघांची दबक्या आवाजात जी चर्चा चालते ना, तिचा विषय बऱ्याचदा हाच असतो. फक्त प्रश्न उलटा असतो. तिकडे अजून किती दिवस?

या मंडळींमध्ये एक जुना विनोद आहे. परत कधी जाणार? तर 'एक्स प्लस वन' साली. एक्स म्हणजे चालू वर्ष. म्हणजे उत्तर दरवर्षी तेच, पुढच्या वर्षी! लोन फिटलं की, ग्रीन कार्ड हातात आलं की, घराचे हप्ते कमी झाले की, धाकटीचं हायस्कूल संपलं की. म्हणता म्हणता माणूस पन्नाशीला येतो आणि विनोदावर हसणं थांबतं.

मोहन भार्गवचं काय जातंय?

'स्वदेस' तुम्ही पाहिलेला असणार. 2004 चा सिनेमा, आपल्या वाईजवळच्या मेणवलीत शूट झालेला. नासातला मोहन भार्गव कावेरीअम्माला न्यायला येतो, गावात वीज आणतो, परत जातो आणि तिकडे करमेना म्हणून कायमचा येतो. सिनेमा भारीच आहे. पण मोहनची परिस्थिती एकदा नीट बघा. लग्न झालेलं नाही. मूल नाही. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, घराचे हप्ते, काही म्हणजे काही नाही. आईवडीलही हयात नाहीत. इतका सडाफटिंग माणूस परत येणार नाही तर कोण येणार?

या कथेमागे ज्यांचं नाव घेतलं जातं ते खरं जोडपं म्हणजे रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री. रवी आयआयटी मुंबईतून शिकून अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात पीएचडीला गेले. तिथे 1991 मध्ये त्यांनी 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' ही संस्था सुरू केली आणि 1998 मध्ये दोघं भारतात परतले. पुढे 2003 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावात वाहत्या पाण्यावर चालणारा छोटा वीजप्रकल्प उभा राहिला. त्यात केरळच्या अभियंत्यांचं तंत्रज्ञान होतं आणि गावकऱ्यांचे कष्ट होते. यातली साल मोजा. संस्था 1991, परतणं 1998. म्हणजे शरीराने परत यायच्या आधी सात वर्षं त्यांचं इकडे काम सुरू होतं. सिनेमात हे एका विमानप्रवासात होतं, कारण तीन तासांत सात वर्षं दाखवायची कशी?

आई आजारी आहे

सिनेमातलं एक मात्र शंभर टक्के खरं आहे. मोहन येतो तो एका म्हाताऱ्या बाईसाठी.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण इगतपुरीत आहे. मुंबईहून कसारा घाट चढून वर आलात की लागणारं गाव. ट्रेकसाठी, धबधब्यांसाठी तुम्ही तिथे उतरला असाल. गावाला लागूनच विपश्यनेचं 'धम्मगिरी' हे केंद्र आहे. जगभरातून लोक दहा दिवस मौनात बसायला तिथे येतात. ध्यान करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, आपला विषय तो नाही. आपला विषय आहे हे केंद्र उभं करणारा माणूस इथे आला कसा.

सत्यनारायण गोएंका यांचा जन्म 1924 मध्ये ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. घराणं मूळचं राजस्थानातलं, मारवाडी व्यापाऱ्याचं, पण दोन पिढ्यांपूर्वीच तिकडे गेलेलं. धंदा, मित्र, गुरू, सगळं ब्रह्मदेशात. 1962 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, पुढच्या दोन वर्षांत व्यापारउद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लाखो भारतीय वंशाच्या लोकांना चंबूगबाळं आवरून निघावं लागलं. गोएंका मात्र राहिले. ते निघाले 1969 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. कारण साधं होतं. भारतात आई आजारी होती. पहिलं शिबिर त्यांनी त्याच वर्षी मुंबईत घेतलं, आईवडील आणि मोजक्या लोकांसाठी. मग त्या शिबिरातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र. ते 2013 मध्ये भारतातच वारले.

'आई आजारी आहे' हे तीन शब्द आजही तितकेच चालतात. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाला विचारा, त्याला सगळ्यात भीती कसली वाटते. पहाटे तीनला वाजणाऱ्या फोनची. फोन आलाच तर पहिला विचार तिकिटाचा नसतो, व्हिसाचा असतो. स्टॅम्पिंग संपलेलं असेल तर आईला बघायला येता येईल, पण परत जाताना वकिलातीची तारीख मिळेपर्यंत इथेच अडकून बसावं लागेल. तोवर नोकरी राहील? बापाच्या दहाव्याला यायचं की नाही याचा हिशेब करावा लागणं, हा अनुभव काय असतो तो आपण इथे बसून सांगू शकत नाही.

कोविडने तर हा हिशेबही हातातून काढून घेतला. 23 मार्च 2020 ला आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली, ती नियमित सुरू व्हायला 27 मार्च 2022 उजाडला. मधल्या काळात 'वंदे भारत' आणि 'एअर बबल'ची विमानं होती, पण जागा मिळेल तेव्हा. ज्यांनी परदेशी पासपोर्ट घेतला होता आणि 'आपल्याकडे ओसीआय कार्ड आहे, कधीही जाऊ' असं धरून चालले होते, त्यांना सुरुवातीचे काही आठवडे येताच येत नव्हतं. अंत्यसंस्कार मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलेली माणसं तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. 'परत जायचं का' हा प्रश्न त्या दोन वर्षांत कित्येक घरांत डायनिंग टेबलावर आला.

परत? कुणाचं परत?

गोएंकांच्या गोष्टीत अजून एक गंमत आहे. आपण म्हणतो ते भारतात 'परतले'. पण जन्म मंडालेचा! ज्या देशाला आपण त्यांचा देश म्हणतो, तो त्यांच्या आजोबांचा होता.

इगतपुरीला ही गोष्ट नवीन नाही. 1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि हे रेल्वेचं गाव झालं. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन म्हणून काम करणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं अशा रेल्वेगावांतून राहायची. इंग्लंडला ती 'होम' म्हणायची, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते होम कधी पाहिलेलंही नसायचं. स्वातंत्र्यानंतर कित्येक जण 'घरी' गेले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच इंग्लंडला किंवा ऑस्ट्रेलियाला गेले.

आता हेच न्यू जर्सीत जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलीला लावा. बाबांसाठी पुणे ही वापसी आहे. तिच्यासाठी ते स्थलांतर आहे, तेही तिला न विचारता केलेलं. मित्र-मैत्रिणी, बास्केटबॉल, बोलायची भाषा, सगळं मागे टाकून ती इथे येते आणि वर्गातली मुलं तिच्या उच्चारांची नक्कल करतात. म्हणून परत येणाऱ्यांमध्ये एक अलिखित मुदत असते. मूल पाचवी-सहावीत जायच्या आत निघायचं. आठवी ओलांडली की मग बारावीपर्यंत थांबायचं, म्हणजे मूल कॉलेजात आणि आजी-आजोबा ऐंशीच्या पुढे.

यात कायद्याचीही मेख आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. असं नागरिकत्व सोडणारे 2022 मध्ये 2,25,620 जण होते, 2023 मध्ये 2,16,219. हे आकडे सरकारनेच संसदेत दिलेत. त्यांना आणि त्यांच्या मुलांना ओसीआय कार्ड मिळतं. आयुष्यभर येता-जाता येतं, राहता येतं, नोकरी करता येते. पण मतदान नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर ज्यांनी ओसीआय कार्ड घेतलं, त्यांना मेडिकलसारख्या प्रवेशांत एनआरआयसाठीच्या जागांवरच दावा सांगता येतो. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर 'परत जाऊ या'चं गणित इथे एकदम बदलतं.

बसायला खुर्ची पाहिजे

ओढ सगळ्यांनाच असते. ओढ असलेल्या शंभरातला जो खरंच येतो, त्याच्यासाठी इथे काहीतरी ठरावीक वाट बघत असतं, असं माझं मत आहे. नुसता देश पुरत नाही. काम लागतं, जागा लागते.

जयंत नारळीकरांचंच बघा. 1957 मध्ये केंब्रिजला गेले. सव्विसाव्या वर्षी, 1965 मध्ये, पद्मभूषण. तिकडे जन्म काढता आला असता. पण 1972 मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, म्हणजे टीआयएफआरमध्ये. त्याच वर्षी त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही केंब्रिज सोडलं होतं. म्हणजे तिकडची एक दोरी सैल झाली होती आणि इकडे त्यांच्या तोडीचं काम करता येईल अशी संस्था होमी भाभांनी 1945 मध्येच उभी करून ठेवली होती. टीआयएफआर नसती तर? पुढे त्यांनी स्वतः पुण्यात 1988 मध्ये आयुका उभी केली, आणि मग कित्येक तरुण शास्त्रज्ञांना परत येऊन बसायला खुर्ची मिळाली. 'चार नगरांतले माझे विश्व' हे त्यांचं आत्मचरित्र कॉलेजच्या लायब्ररीत असेल, काढून वाचा.

विज्ञान नको असेल तर नाशिकचं उदाहरण घ्या. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये होते. नव्वदच्या दशकात नोकरी सोडून आले. नाशिकजवळ घरची जमीन होती. आंबे वगैरे लावून पाहिले, मग वाइनची द्राक्षं. पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. आई सुलभाच्या नावावरून कंपनीचं नाव सुला. यात हिंमत आहेच, पण 'घरची जमीन' हे दोन शब्द विसरू नका. मुंबईत भाड्याच्या खोलीत वाढलेल्या आणि तेवढीच हिंमत असलेल्या मुलाला परत यायला जास्त पैसे साठवावे लागतात, म्हणून जास्त वर्षं थांबावं लागतं.

तिकडची घड्याळं

परत यायचा विचार नेहमी मनापासूनच सुरू होतो असंही नाही. कधीकधी तिकडून ढकललं जातं. अमेरिकेचा एच-वन-बी तीन वर्षांचा, वाढवून सहा. त्यापुढे ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून मुदतवाढ घेत राहायचं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे आपली रांग दहा-बारा वर्षांच्या पुढे गेलीय. नोकरी गेली तर दुसरी शोधायला फक्त साठ दिवस. मूल भारतात जन्मलेलं असेल आणि रांगेत असतानाच एकवीस वर्षांचं झालं, तर त्याला बहुधा स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, त्या आठवड्यात तुमच्या दादाने घरी किती फोन केले ते आठवा.

आणि काही घड्याळं उलटी, थांबवून ठेवणारी. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत पगारातून पैसे कापले जातात, पण पेन्शनचा हक्क साधारण दहा वर्षं भरल्यावर लागतो. याबाबत भारताशी करार नाही. नऊ वर्षांनी परत आलात तर ते पैसे गेले. मग माणूस म्हणतो, एकच वर्ष उरलंय ना, थांबू. एक्स प्लस वन!

आखातातल्या लोकांचा विनोद असा नसतो. रत्नागिरी, चिपळूण, खेडकडून कुवेत-सौदी-दुबईला गेलेल्या माणसाला तिथलं नागरिकत्व मिळणार नाही हे विमानात बसायच्या आधीच ठाऊक असतं. परत यायचं का, हा प्रश्नच नसतो, कधी एवढंच. म्हणून तो पहिल्या पगारापासून गावात घराचा चिरा चढवत राहतो. आणि कधी तेही त्याच्या हातात राहत नाही. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं, बरेच जण नेसत्या कपड्यांनिशी. आपल्याकडे 'परत आलेला' म्हटलं की सिलिकॉन व्हॅलीवालाच डोळ्यांसमोर येतो. वीस वर्षं वेल्डिंग करून खेडला परत आलेल्या मामूंवर पुरवणीत फीचर येत नाही, हे आपलंच चुकतंय.

इगतपुरीतला प्लॉट

परतीचं स्वप्न बघायचं असेल तर इगतपुरी-घोटीच्या रस्त्याने जा. डोंगर, धुकं, भाताची खाचरं आणि मध्येच प्लॉटिंगच्या पाट्या. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. 'रिटायर होऊन इथेच राहणार' म्हणून घेतलेल्या बंगल्यांत वर्षातले पंधरा दिवस दिवे लागतात. एरवी दिवा दिसतो तो वॉचमनच्या खोलीत.

त्या वॉचमनचं गाव बहुधा शेजारचंच असतं. रस्ता आणि बंगले आल्यावर जमिनीचे भाव जिथे गेलेत, तिथे मुंबईत कामाला गेलेल्या इथल्याच पोराला परत येऊन गुंठाभर घेणं जमेल का? पण परतीच्या गप्पांत हा पोरगा कुणी मोजत नाही.

तुमच्या घरात परत यायचं बोलणं चालू असेल तर कायद्याचं एवढं लक्षात असू द्या. एनआरआय किंवा ओसीआय असताना शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. भारतीय नागरिक म्हणून परत येऊन इथले रहिवासी झालात तरी महाराष्ट्रात कूळकायद्यामुळे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. म्हणून एनए प्लॉट आणि शेतजमीन यातला फरक पाटीवर नाही, कागदावर तपासायचा. आयकरात मात्र परतणाऱ्यांना थोडी सवड आहे. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल तर परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं 'आरएनओआर' हा दर्जा मिळतो आणि तिकडच्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. बरेच जण तारखा मोजून परततात ते यासाठी. यात देशप्रेम कमी पडतं असं मला अजिबात वाटत नाही. चोख हिशेब करून आलेला माणूस इथे टिकतो, भावनेच्या भरात आलेला दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तिकीट बघायला लागतो.

टिकणं सोपं नसतंच. ऑफिसातलं राजकारण, हॉर्न, 'साहेब, चहापाण्याचं बघा'. आल्यावर सहा महिने माणूस प्रत्येक वाक्याची सुरुवात 'तिकडे असं नसतं' अशी करतो आणि त्याचे मित्र हळूहळू फोन उचलायचे बंद होतात. त्यात नातेवाइकांची कुजबुज: नोकरी गेली असेल हो, नाहीतर कोण येतं! कुजबूज करणाऱ्यांत आपणही असतो.

आणि तुम्ही? जायचंच असेल तर जा, बिनधास्त जा. फक्त 'दोन वर्षांत येतो' असं आईला सांगून जाऊ नका, ती मोजत बसते. त्याऐवजी आईबाबांच्या वयात दहा मिळवा, आपल्या वयात दहा मिळवा, आणि ते दोन आकडे लोनच्या फाइलमध्ये शेवटच्या पानावर लिहून ठेवा. इथल्या दोन-तीन लोकांशी कामापुरता का होईना संबंध चालू ठेवा, नुसत्या वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत. पासपोर्ट बदलायची वेळ येईल तेव्हा ओसीआयचे नियम त्या वर्षीचे वाचा, ते बदलत राहतात.

आणि निघायच्या आधी आजोबांची जमीन असेल तर वारसनोंद झालीय का ते बघा. सातबारा 'महाभूलेख'वर मोबाइलवरही दिसतो. नाव चढलेलं नसेल तर तलाठ्याकडे बाबांनाच पाठवू नका, एकदा सोबत जा. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी जा.